थंडीतली लांब दौड : धावण्याआधी रक्त ओळखा, धावताना तहान ओळखा



नोव्हेंबर लागला की दौडींचा हंगाम सुरू होतो. २६ नोव्हेंबरचा संविधान दिन, ३ जानेवारीची सावित्रीमाईंची जयंती, १२ जानेवारीची जिजाऊ जयंती, २६ जानेवारीचा प्रजासत्ताक दिन अशा दिवसांना धरून कुठे पाच, कुठे दहा किलोमीटरची दौड ठेवतात. मोठ्या शहरांत २१ किलोमीटरची अर्ध मॅरेथॉन असते. आपल्या वस्तीतली मुले-मुली त्यात उतरतात. कोणी पोलीस भरतीची तयारी म्हणून, कोणी बक्षिसाच्या रकमेसाठी. चाळिशी ओलांडलेल्या काही ताई-दादांना डॉक्टरांनी शुगर कमी करायला सांगितलेली असते, तेही नाव नोंदवतात. आम्हाला हे पाहून आनंदच होतो.

पण आधी दवाखान्यात आणि आता वस्तीतल्या शिबिरांत काम करताना आम्हाला एक गोष्ट सारखी दिसते. उन्हाळ्यात लोक शरीराला जपतात, कारण ऊन डोळ्यांना दिसते आणि घाम अंगावर वाहतो. थंडीत तसे होत नाही. तहान लागत नाही, दम लवकर लागत नाही, म्हणून सगळे ठीक आहे असे वाटते. विदर्भातल्या आपल्या लोकांसाठी तर यात आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे सिकलसेल. म्हणून या अंकात थंडीतल्या लांब दौडीचा पाठ घेऊ. दौड दहा किलोमीटरची धरली आहे. २१ किलोमीटरवाल्यांसाठी वेगळे आकडे दिले आहेत.

थंडीत शरीरात काय घडते?

विदर्भाची थंडी कोरडी असते. २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. एरवीही डिसेंबर-जानेवारीत तो १० अंशांच्या खाली जाणे नवे नाही. धावण्यासाठी अशी हवा खरे तर चांगली. स्नायू जेवढी ऊर्जा वापरतात, तिच्यातला साधारण तीन-चतुर्थांश भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. थंड हवेत ही उष्णता सहज निघून जाते, म्हणून उन्हाळ्यापेक्षा वेग चांगला मिळतो.

त्याच वेळी चार गोष्टी शांतपणे चालू असतात.

एक, थंडीने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त शरीराच्या आतल्या भागात जमा होते. मेंदूला वाटते पाणी भरपूर आहे. मग तहान कमी लागते आणि लघवी जास्त होते.

दोन, प्रत्येक श्वासाबरोबर तोंडातून वाफ जाते. ते आपल्याच शरीरातले पाणी असते. घामही येतो, पण कोरड्या हवेत लगेच उडून जातो, म्हणून दिसत नाही.

तीन, गारठलेले स्नायू आणि शिरा ताठ असतात. अशा वेळी एकदम जोर लावला तर पोटरी किंवा मांडीचा मागचा स्नायू ताणला जातो.

चार, थंड कोरडी हवा छातीत गेली की दम्याच्या माणसाच्या श्वासनलिका आवळतात. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा वर चढत नाही. कचरा जाळलेला धूर, चुलीचा धूर आणि गाड्यांचा धूर खालीच साचून राहतो. म्हणून रोजचा सराव सूर्य उगवल्यावर केलेला बरा.

आधी रक्त तपासा

नाव नोंदवण्याआधी दोन तपासण्या करून घ्या : हिमोग्लोबिन आणि सिकलसेल. दोन्ही सरकारी दवाखान्यात होतात. वस्तीतल्या आशाताईंना विचारले तर त्या जागा आणि वार सांगतील.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि पुरुषाचे १३ च्या खाली असेल तर त्याला रक्तक्षय म्हणतात. हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. ते कमी असताना दहा किलोमीटर धावणे म्हणजे अर्ध्या भाकरीवर दिवसभर रोजंदारी करणे. अशा बहिणींनी आधी उपचार घ्यावेत. तोवर भरभर चालण्याचा सराव चालू ठेवावा आणि दौड पुढच्या वर्षी करावी. लाज वाटण्यासारखे त्यात काही नाही.

आता सिकलसेलविषयी. भारतात हा दोष पहिल्यांदा १९५२ मध्ये निलगिरीत नोंदला गेला आणि १९५८ मध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातली नोंद प्रसिद्ध केली. विदर्भात आदिवासी आणि बौद्ध समाजात तो जास्त आढळतो. हा कोणाच्या पापाचा किंवा अस्वच्छतेचा परिणाम नाही. ज्या प्रदेशात मलेरिया पिढ्यान्‌पिढ्या होता, तिथे सिकलसेलचे एकच जनुक असलेली मुले मलेरियातून जास्त वाचली, म्हणून ते जनुक टिकले. जातीतच लग्ने लावण्याच्या रूढीमुळे ते काही समाजांत साठत गेले.

इथे दोन शब्द नीट समजून घ्या. आईकडून आणि वडिलांकडून, दोघांकडूनही दोष आला तर ती व्यक्ती एसएस, म्हणजे रुग्ण. एकाकडूनच आला तर एएस, म्हणजे वाहक. वाहकाला एरवी काहीच त्रास नसतो, म्हणून पुष्कळांना आपण वाहक आहोत हे माहीत नसते. बोटातून थेंबभर रक्त घेऊन केलेली सोल्युबिलिटी चाचणी फक्त दोष आहे की नाही एवढेच सांगते. एएस की एसएस हे कळायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची तपासणी लागते. पहिल्या चाचणीवर थांबू नका.

एसएस रुग्णाने थंडीतली शर्यत धावू नये. थंडी, पाणी कमी पडणे आणि अतिश्रम या तिन्ही गोष्टींनी त्याच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदनांचा झटका येतो. अशा भावंडांनी डॉक्टरांना विचारून, ऊन आल्यावर, अंगभर कपडे घालून सावकाश चालावे. दौडीच्या दिवशी पाण्याच्या टेबलावर, नोंदणीत किंवा वेळ घेण्याच्या कामात त्यांना सोबत घ्यावे.

एएस वाहक धावू शकतो. हे आम्ही मुद्दाम ठळकपणे सांगतो, कारण अहवाल हातात पडला की घरचे लोक मुलांचे खेळ बंद करतात. अमेरिकन लष्करातल्या सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांच्या नोंदींचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वाहक सैनिकांचे मृत्यू इतरांपेक्षा जास्त आढळले नाहीत. मात्र अतिश्रमाने स्नायू मोडून त्यातले द्रव्य रक्तात उतरण्याचा आजार वाहकांत सुमारे दीडपट होता. या आजाराने मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. त्या लष्करात पाणी, विश्रांती आणि सराव हळूहळू वाढवणे हे नियम सगळ्यांनाच लागू होते, हे इथे लक्षात ठेवायचे. तेच नियम आपल्यालाही पाळायचे आहेत.

वाहकांनी पाच गोष्टी पाळाव्यात. सराव हळूहळू वाढवावा. पूर्ण जोराच्या फेऱ्या एकामागून एक न थांबता मारू नयेत. भरतीच्या मैदानावर १६०० किंवा ८०० मीटरचा सराव करतानाही हे लागू आहे. तहान नसली तरी पाणी प्यावे. ताप, जुलाब किंवा जागरण झाले असेल त्या दिवशी धावू नये. आणि आपण वाहक आहोत हे सोबत धावणाऱ्या एका माणसाला तरी सांगून ठेवावे. मुलीच्या लग्नात अडचण येईल म्हणून कार्ड कपाटात लपवणारी घरे आम्ही पाहतो. लपवलेले कार्ड रस्त्यावर पडलेल्या मुलीच्या उपयोगी पडत नाही.

चाळिशीच्या पुढच्यांनी, आणि बीपी, शुगर किंवा हृदयाचा त्रास असलेल्या सर्वांनी डॉक्टरांची तपासणी करूनच सराव सुरू करावा. थंडीत बीपी वाढते.

बारा आठवड्यांचा सराव

अर्धा तास भरभर चालता येते, तिथून सुरुवात धरा.

पहिले तीन आठवडे : आठवड्यातून तीन दिवस, अर्धा-अर्धा तास. दोन मिनिटे हळू धावा, दोन मिनिटे चाला.

चौथा ते सहावा आठवडा : तीन दिवस, तीन ते पाच किलोमीटर. दम लागला की चालायचे, पुन्हा धावायचे.

सातवा ते दहावा आठवडा : चार दिवस. मधल्या दिवशी चार-पाच किलोमीटर आणि रविवारी लांब पल्ला, अनुक्रमे ६, ७, ८ आणि ९ किलोमीटर.

अकरावा आठवडा : रविवारी सहाच किलोमीटर.

बारावा आठवडा : दोन दिवस तीन-तीन किलोमीटर सावकाश, मग दोन दिवस विश्रांती आणि दौड.

२१ किलोमीटर धावायचे असेल तर आधी दहा किलोमीटर आरामात धावता आले पाहिजे. मग रविवारचा पल्ला असा वाढवावा : १०, ११, १२, मग उतरून १०, १३, १४, १५, मग उतरून १२, १६, १८, १२ आणि बाराव्या आठवड्यात दौड. दर चौथ्या आठवड्याला उतरणे हा आळस नाही. हाडे आणि शिरा त्याच आठवड्यात सावरतात.

वेग किती ठेवायचा? सोबतीणीशी बोलता आले पाहिजे, एवढा. वाक्य तुटायला लागले की वेग जास्त झाला. सरावातल्या बहुतेक दिवशी हाच वेग असावा. दौड पहाटेची असेल तर शेवटच्या तीन आठवड्यांत एकेक दिवस त्याच वेळी धावून पाहा, म्हणजे शरीराला त्या गारव्याची आणि पोटाला त्या वेळेची सवय होते.

सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटे अंग गरम करायचे : आधी चालणे, मग खांदे-कंबर-घोटे फिरवणे, गुडघे उचलत जागच्या जागी धावणे. थंड अंगाने जोरजोरात ताणाताणी करू नये. ताणायचे ते धावून झाल्यावर.

मैदान नसल्यामुळे आपली मुले महामार्गाच्या कडेने धावतात. धुक्यात गाडीवाल्याला माणूस दिसत नाही. समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून धावा, पांढरा किंवा पिवळा सदरा घाला, कानात गाणी लावू नका. मुलींनी गटाने धावावे आणि गटात मोठी बाई असावी. विहाराच्या पटांगणात सकाळी जमून तिथून निघायचे ठरवले तर घरचेही निर्धास्त राहतात.

कपडे आणि बूट

घरातून निघताना थोडे गारठल्यासारखे वाटले पाहिजे. धावायला लागल्यावर दहा मिनिटांत ऊब येते. बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १० अंश जास्त गरम आहे असे समजून कपडे घालावेत. जाड स्वेटर घालून धावू नये. आतला घाम बाहेर पडत नाही, कपडा ओला होतो आणि वेग कमी झाला की तोच ओला कपडा अंग गार करतो. सुती बनियन घाम धरून ठेवते, म्हणून अंगाला लागणारा कपडा खेळाच्या जर्सीचा असावा. ती आजकाल बाजारात स्वस्तात मिळते. तिच्यावर पातळ पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्याला कानटोपी, हातांत साधे मोजे. दमा असणाऱ्यांनी नाका-तोंडावर पातळ रुमाल बांधावा. डॉक्टरांनी धावण्याआधी पंप घ्यायला सांगितला असेल तर तो घ्यावा आणि खिशातही ठेवावा.

नवे बूट दौडीच्या दिवशी पहिल्यांदा घालू नयेत, फोड येतात. जुन्या बाजारातून बूट घेताना टाच एका बाजूला झिजलेली नाही ना ते पाहा आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा सोडा. भगिनींनी अंगाला घट्ट बसणारी, हादरे न बसू देणारी खेळाची ब्रा वापरावी. पाळीत धावायला हरकत नाही. रक्तस्राव फार असेल किंवा चक्कर येत असेल तर त्या दिवशी विश्रांती घ्यावी.

पाणी आणि खाणे

तहानेची वाट पाहू नका. दिवसभरात लघवीचा रंग फिकट पिवळसर राहिला पाहिजे. गडद झाला तर पाणी कमी पडते आहे. दौडीआधी दोन तास दोन पेले कोमट पाणी प्या, म्हणजे निघण्याआधी लघवीला जाऊन येता येते. वाटेत पाण्याच्या प्रत्येक टेबलाशी थांबून काही घोट घ्या. तासाभरापेक्षा जास्त धावणार असाल तर साध्या पाण्याऐवजी ओआरएस बरे. घरी करायचे तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. चमचा चहाचा घ्या, मोठा नको. उलट बाजूही सांगायला हवी. तास दोन तास नुसते साधे पाणी ढोसत राहिल्यानेही रक्तातले मीठ उतरते आणि मळमळ, डोकेदुखी, भ्रम होतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात मीठ कमी आढळले होते. घोट घोट पिणे हेच बरोबर.

खाण्यासाठी महागड्या पावडरी लागत नाहीत. ज्वारीची भाकरी, वरण, हरभरे, शेंगदाणे, तीळ, पालेभाजी, आणि चालत असेल तर अंडी किंवा मासे पुरे. भाजीवर लिंबू पिळा किंवा आवळा खा, त्याने लोह अंगी लागते. जेवणाला लागून चहा घेतल्याने ते कमी अंगी लागते, मध्ये तासाभराचे अंतर ठेवा. सिकलसेल रुग्णाने लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. आदल्या रात्री नेहमीचेच जेवा. सकाळी निघण्याआधी दीड-दोन तास पोहे, केळे किंवा गुळासोबत अर्धी पोळी. उपाशीपोटी धावू नका. तंबाखू, खर्रा तोंडात ठेवून तर नकोच.

दौडीच्या दिवशी

पिशवीत कोरडा बनियन, स्वेटर, शाल आणि टॉवेल ठेवा. उद्घाटनाची भाषणे लांबतात, पाहुणे उशिरा येतात. तोवर स्वेटर काढू नका आणि उभे राहून गारठू नका, चालत राहा. पहिले दोन किलोमीटर मुद्दाम हळू धावा. थंड हवेत गर्दीच्या जोशात वेग आपोआप वाढतो आणि त्याची किंमत सातव्या-आठव्या किलोमीटरला मोजावी लागते.

संपल्यावर लगेच बसू नका, दहा मिनिटे चाला. ओले कपडे बदला आणि मगच फोटो काढा. धावणे थांबताच शरीरातली भट्टी विझते, पण अंग ओलेच असते. वाऱ्यात ओले अंग किती धोक्याचे असते हे २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात दिसले. १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत अचानक गारांचा पाऊस आणि सोसाट्याचा वारा आला. अंगावर पातळ कपडे असलेले २१ धावपटू गारठून गेले. आपल्याकडे डोंगराइतकी थंडी नाही, पण जानेवारी-फेब्रुवारीत अवकाळी पाऊस आणि गारपीट आपल्याला नवी नाही. पाऊस आला तर दौड रद्द करावी.

केव्हा थांबायचे?

छातीत दुखणे किंवा दडपण, डोळ्यांपुढे अंधारी, शिट्टी वाजल्यासारखा श्वास : लगेच थांबा.

सतत कापरे भरणे, बोलणे अडखळणे, पाय वेडेवाकडे पडणे : अंग फार गार झाले आहे. आडोशाला न्या, ओले कपडे काढून शालीत गुंडाळा, शुद्धीवर असेल तर गरम गोड पेय द्या. अंग चोळू नका, दारू देऊ नका.

पायांतली ताकद एकाएकी जाणे, हे वाहकांसाठी सर्वांत महत्त्वाचे. पेटका आला तर स्नायू दगडासारखा कडक होतो आणि माणूस ओरडतो. सिकलसेलच्या त्रासात स्नायू हाताला मऊच लागतो, माणूस बोलत असतो, पण पाय उचलत नाहीत आणि तो खाली बसतो. ‘ऊठ, थोडेच राहिले’ म्हणून त्याला ओढू नका. झोपवा, पांघरूण घाला, १०८ ला फोन करा, प्राणवायू असेल तर लावा आणि डॉक्टरांना ‘हा वाहक आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगा.

दौडीनंतर दिवसा-दोन दिवसांत लघवी काळ्या चहासारखी झाली तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मंडळांनी काय करावे?

दर दोन-तीन किलोमीटरवर पाण्याचे टेबल, रुग्णवाहिका आणि प्राणवायूचे नळकांडे, शेवटच्या रेषेजवळ आडोसा आणि घोंगड्या, स्त्रियांना कपडे बदलायला बंद खोली, आणि शेवटचा माणूस पोहोचेपर्यंत थांबणारे कार्यकर्ते. एवढे जमत नसेल तर पल्ला कमी ठेवा. नोंदणीच्या कागदावर सिकलसेल, दमा, हृदय, शुगर आणि घरच्यांचा फोन यांचे रकाने ठेवा, पण तो कागद चव्हाट्यावर मांडू नका. दौडीआधी तीन महिने विहारात रक्त तपासणीचे शिबिर ठेवले, तर दौडीपेक्षाही मोठे काम होईल.

उजळणी

हे प्रश्न गटात एकमेकांना विचारा.

१. थंडीत तहान कमी का लागते?
२. सोल्युबिलिटी चाचणीत दोष निघाला तर पुढची तपासणी कोणती?
३. एएस आणि एसएस यांपैकी कोण धावू शकतो, आणि कोणत्या अटींवर?
४. पेटका आणि सिकलसेलचा त्रास यांतला फरक हाताने कसा ओळखाल?
५. दौड संपल्यावर पहिले काम कोणते?

पाचही उत्तरे ज्या गटाला आली, त्याने या रविवारी दोन किलोमीटर सावकाश धावून सुरुवात करावी. ज्यांची तपासणी राहिली आहे, त्यांनी सोमवारी आधी आशाताईंकडे जावे.